डांबराखालचं दुखणं

मी एक पिकअप गाडी. निळी होते, असं आता सांगावं लागतं, कारण मधली दीड वर्षं लोक मला तपकिरीच समजत होते. त्यांच्याशी भांडायला मला तोंड नाही. आज मात्र बोलायलाच हवं. घरातल्या माणसांनी सकाळपासून माझ्यावर कौतुकानं हात फिरवलाय, आणि आत काय कुजलंय ते कुणी बघितलेलं नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्याबरोबर ओळीनं चाळीस बहिणी उभ्या होत्या. कुणी विटा वाहायला गेली, कुणी भाजी. एक तर म्हणे कोंबड्या वाहता वाहता म्हातारी झाली, आणि शेवटपर्यंत तिच्या फटीफटीतून पिसं निघत होती. माझ्या नशिबी काच आली. माझे मालक काचवाले. खिडक्यांची तावदानं, आरसे, दुकानांची दारं, सगळं करायचे. त्यांनी मला आणल्याबरोबर माझ्या हौद्यात काचा टेकवायची लाकडी घोडी ठोकली, तिला जुनी घोंगडी गुंडाळली, आणि तेव्हापासून माझं आणि वेगाचं कधी जमलंच नाही.

खड्डा दिसला की मालक थांबायचे, विचार करायचे, मग एकेक चाक अलगद उतरवायचे. मागचे लोक हॉर्न मारून मारून थकायचे. एकानं एकदा गाडी शेजारी आणून विचारलं, "काका, आत बाळंतीण बसलीय का?"

मालक म्हणाले, "आठ बसल्यात. सगळ्या ओल्या बाळंतिणी. पुढं जा बाबा तू."

त्यांच्या तोंडी एक शब्द बसलेला होता, तो म्हणजे 'हळू'. काच चढवताना हमालांना हळू, उतरवताना हळू, बायको चुलीवरून भांडं उतरवायला लागली तरी हळू. लेक लहानपणी त्यांची नक्कल करायची. रडायला लागली की आधी स्वतःलाच म्हणायची, "हळू रड गं," आणि मग भोकाड पसरायची.

मालकांनी मला आयुष्यात एकदाच पळवलं. अकरा वर्षांपूर्वी, मालकीणबाईंच्या छातीत कळ आली म्हणून. बाई माझ्या पुढच्या सीटवर घामानं भिजलेल्या, हौदा रिकामा, आणि मालक रस्ता बघतच नव्हते. एका उघड्या गटारावरून मी अशी आदळले की डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाई वेळेत पोचल्या, वाचल्या, पुढं सहा वर्षं जगल्या. माझी चासी, म्हणजे सगळं वजन पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र डाव्या अंगाला, मागच्या चाकाचे पाटे जिथं अडकवलेले असतात तिथं, तडकली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला गावाबाहेरच्या एका वेल्डिंगवाल्याकडं नेलं. त्यानं तडीवर पत्र्याची पट्टी डागली. मालकांनी घरी अवाक्षर काढलं नाही. बाईंना कळलं असतं तर 'माझ्यापायी झालं' म्हणून झुरत बसल्या असत्या. मग दर वर्षी एक दिवस मालक गोणपाट अंथरून माझ्याखाली शिरायचे आणि त्या जागेवर डांबराचा जाड हात द्यायचे. दुखऱ्या गुडघ्याला मलम चोळावं तसे चोळायचे. नंतर नंतर तर एकट्या त्या जागेला कशाला म्हणून सगळ्या चासीलाच लावू लागले.

मायेनं केलेलं औषध होतं ते, त्याला नावं कशी ठेवू? पण डांबर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आत शिरलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. अकरा वर्षांत ती पट्टी बिस्किटासारखी भुसभुशीत झालीय. वरून मी तुळतुळीत काळी, आतून पोकळ. हे मला ठाऊक आहे. तिथं तड आहे, एवढं मालकांना ठाऊक आहे. घरात तिसऱ्या कुणाला नाही.

दीड वर्षापूर्वी मालकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. काही महिन्यांनी जीभ थोडी सैल झाली, पण तिच्यावर एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी हळू, दिवा लाव म्हणायचं तरी हळू. घरचे आधी रडले, मग हसले, मग सवय झाली. मी दुकानाशेजारच्या बोळात पत्र्याच्या आडोशाला उभी राहिले आणि गंजत गेले.

दुकान लेकीनं हातात घेतलं. बापाचा हात आहे तिला, काचेवर रेघ ओढते ती एकदाच ओढते. नुकतंच तिला टेकडीवरच्या नव्या वाचनालयाचं काम मिळालं. पुरुषभर उंचीची बारा तावदानं. भाड्याच्या टेम्पोवाल्यानं पहिल्याच खेपेत नेलेली दोन्ही फोडली आणि वर "काच आहे ताई, फुटणारच," असं ज्ञान दिलं. त्या दुपारी ती बोळात येऊन माझ्यापुढं उभी राहिली.

तिचा नवरा म्हणाला, "अगं, ही आता भंगारातच जायची. सोन्याची सुरी असली म्हणून उरात खुपसून घेतात का?"

"बाबांची गाडी आहे ती. मिस्त्रीला दाखवते. तो नाही म्हणाला तर नाही."

मिस्त्री आला. गाडी बघायला येणारा माणूस आधी टायरला लाथ मारतो, असा माझा अनुभव आहे. यानं मारली नाही. यानं बॉनेट उघडलं, तेल हुंगलं, बॅटरी जोडली, आणि दोन-चार उचक्या देऊन माझं इंजिन सुरू झालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दीड वर्षांनी अंगात धग आली. मलाही जगायचंय हो.

मग तो खाली शिरला. हातोडीनं ठोकत गेला. चांगलं लोखंड टणकन वाजतं आणि कुजलेलं भदभद वाजतं, पण डांबराच्या थरानं मी सगळीकडून भदभदच वाजत होते.

"ताई, इंजिन नंबर एक आहे," तो खालून म्हणाला. "चासीचं मात्र सांगता येत नाही. डांबर खरवडून बघायला लागेल."

"मग खरवडा."

मालक दाराशी खुर्चीत बसले होते. मिस्त्रीनं पटाशी लावली ती नेमकी डाव्या अंगाला, त्या जागेपासून वीतभर अलीकडं. मला वाटलं, सुटले, आता वीतभर सरकला की सापडेल! आणि मालक एकदम ओरडले, "हळू! हळू! हळू!"

खुर्चीतून अर्धे उठले होते, डावा हात माझ्याकडं ताणलेला, डोळ्यांत पाणी. तिथंच, तिथंच बघ, असं ते ओरडत होते. मला लख्ख कळलं. त्यांचं बोलणं कळणारी त्या घरात मी एकटी, आणि मी मुकी.

मिस्त्रीचा हात थांबला. तो बाहेर आला, कपडे झटकले. "राहू दे ताई. काकांना लागतंय ते. त्यांनी एवढी वर्षं हातानं जपलीय, मी कशाला ओरबाडू?" भला माणूस. त्याच्या भलेपणाला काय करावं?

लेक मालकांपुढं उकिडवी बसली. "बाबा, ठेवायची ना आपण हिला?"

"हळू," मालक म्हणाले आणि मान हलवली. त्यांची मान आता हो म्हणताना आणि नाही म्हणताना सारखीच हलते.

"ठेवायची म्हणतात," लेक म्हणाली आणि तिला रडू आलं. मग मिस्त्रीलाही आलं. जावयानंसुद्धा तोंड फिरवून नाक पुसलं.

पुढचे पंधरा दिवस माझं कोडकौतुक चाललं. पत्रा घासला, भोकं बुजवली, नवा निळा रंग मारला. त्या पंधरा दिवसांत मालकांनी काय काय केलं! काठी टेकत यायचे आणि माझ्या मागच्या डाव्या चाकाशी उभे राहायचे. वाकता येत नव्हतं. लेकीची बाही धरून खाली ओढायचे, आणि तिला वाटायचं यांचा तोल जातोय. ती त्यांना घरात नेऊन बसवायची. एकदा त्यांनी काचेवर खुणा करायचा खडू डाव्या हातात घेतला आणि भिंतीवर एक लांब रेघ ओढली. मधे थोडी जागा सोडली आणि पुढं ओढली. तुटलेली रेघ. माझीच चासी काढली होती त्यांनी. लेकीनं बघितलं, त्यांच्या हातातून खडू हळुवार काढून घेतला आणि म्हणाली, "नाही जमत तर नको ना बाबा. त्रास करून घेऊ नका." मालकांनी भिंतीला डोकं टेकलं.

ती मूर्ख नाही. तिचं बापावर प्रेम आहे, आणि त्यांच्या तोंडच्या एका शब्दाचा अर्थ तिनं प्रेमानं लावून ठेवलाय. तो कसा खोडायचा, हे त्यांनाही कळेना आणि मला कळून काही उपयोग नव्हता.

आज सकाळी बारा तावदानं चढली, फुटलेल्या दोनांच्या जागी कापलेली नवी दोन धरून. सहा या बाजूला, सहा त्या बाजूला. पहिलं तावदान घोडीला टेकलं तेव्हाच डांबराखाली काहीतरी करकरलं, पण गल्लीच्या गलबल्यात कुणाला ऐकू जाणार? लेकीनं किल्ली फिरवली. एवढ्यात मालक काठी टेकत आले, माझं डावं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर चढून बसायला लागले.

"अहो बाबा, धक्के बसतील! संध्याकाळी चक्कर मारू आपण." ते ऐकेनात. शेवटी जावयानं कंबरेला धरून चढवलं. "बघा, हौस किती!" सगळे हसले. जावयानं फोटो काढला.

हौस नव्हती ती. त्यांनी सगळं करून बघितलं होतं. आता एवढंच हातात उरलं होतं, की ते शेजारी बसले तर लेक गाडी जपून नेईल. आणि नाहीच निभावलं, तर ती एकटी नसेल.

आम्ही आता टेकडीच्या चढाला लागलोय. तुम्ही मागून येत असाल तर तुमच्या पाया पडते, हॉर्न मारू नका, घाई करू नका. पुढं या आणि हात करून आम्हाला थांबवा. खुशाल खोटं बोला. म्हणा, "ताई, गाडीखाली काहीतरी लोंबतंय." चांगली मुलगी आहे, ती उतरेल, गुडघे टेकून खाली बघेल. मग तिला डाव्या अंगाला बोट रुतवायला सांगा. माझं काय व्हायचं ते होऊ दे. मला भंगारात घालायला तिला एवढं एकच बोट पुरे आहे.