वाकवलेला दस्ता

लालासाहेबाचा उजवा डोळा गेला, पण बाहेरून कुणाला पत्ता लागला नाही. डोळा दिसायला धडधाकट, नजर तेवढी गेलेली. पलटणीतून पेन्शनीत निघाल्यावर तो साखर कारखान्याच्या गोदामावर स्वतःची बाराबोअर घेऊन पहारा करायचा. एका डोळ्याचा पहारेकरी कारखाना कशाला ठेवील? आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली असती, तर पहिल्याच दिवशी बोभाटा झाला असता. म्हणून त्यानं कडेगावातून सांगलीची एसटी धरली.

तिथं बंदुका दुरुस्त करणाऱ्या तात्याबा मिस्त्रीनं त्याला बंदूक उजव्या खांद्याला लावून उभं केलं आणि समोरून नळीवर त्याचा डावा डोळा कुठं येतो ते पाहिलं. मग दस्त्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून त्यावर कढत जवसाचं तेल ओतत राहिला. लाकूड नरम पडल्यावर शिकंजा आवळला आणि थंड होईतो तसाच ठेवला. दस्ता उजवीकडं वाकला, नळी डाव्या डोळ्यासमोर आली. आता खांदा उजवा आणि नेम डाव्या डोळ्याचा. बाजूनं बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

"ही आता तुमच्याच डोळ्याची झाली," मिस्त्री म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात दिऊ नका. त्याचं छर्रं उजवीकडं जात्यात."

लालासाहेब मोठा मानी. त्यानं हे धाकट्या भावाला, कृष्णातलाही, सांगितलं नाही. कृष्णातला नेम धरायला त्यानंच शिकवलं होतं. त्याच्यापुढं आंधळं ठरायचं कसं?

एकोणीसशे पंच्याहत्तरचा गाळप हंगाम सरत आला होता. ऊस तोडत आणला की रानडुकरं उरलेल्या पट्ट्यात दडतात आणि शेवटी एकदम बाहेर फुटतात. तेव्हा ज्याच्या वाटणीचं रान, त्यानंच बार टाकायचा, असा या घराचा रिवाज होता. पट्टा कृष्णातच्या वाटणीचा होता. त्यानं दादाच्या बंदुकीसाठी हात पुढं केला.

लालासाहेबाच्या ओठावर खरं आलं होतं. पण बैलगाडीपाशी कारखान्याचा सुपरवायझर उभा होता. चार शब्द बोलले की नोकरी गेली. तो नुसतं "जपून" म्हणाला आणि बंदूक दिली. असल्या अब्रूला काय जाळायचंय?

डुक्कर फुटलं. मूठ हाताला निराळी लागली, पण घाईत कृष्णातनं बार टाकला. डुक्कर निघून गेलं. ते होतं तिथून उजवीकडं, लांब बांधावर, कृष्णातची बायको शालूबाई डोक्यावर उसाच्या वाड्याचा भारा घेऊन चालली होती. ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

फौजदार आले. कृष्णात प्रेताशेजारी बसून एकच विचारत होता, "दादा, तुमी शिकवल्याला नेम धरला हुता. आवं, डुक्कर नळीसमोरच हुतं. मग शालू कशी पडली?"

लोक म्हणाले, गड्याचा हात हलला असंल. फौजदारानं बेडी काढली. सुपरवायझरही होता. लालासाहेबानं त्याच्याकडं पाहिलं, मग भावाकडं.

त्यानं डाव्या डोळ्यावर तळहात दाबला.

"सायब," तो म्हणाला, "तुमी कुटं उभं हाय, मला दिसत न्हाई. बंदूक माझ्यासाठी वाकवल्याली हाय. नेम त्याचा बरूबर हुता."

कृष्णात उठला. डोळ्यावरचा भावाचा हात त्यानं ओढून काढला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

"बंदूक देताना सांगितलं असतंस," तो म्हणाला. आजवर त्यानं दादाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.