देठाकडची चकती

त्या घरात जेवायला आलेल्या पाहुण्याने सुनेच्या हाताचं कौतुक करायचा अवकाश, की सासरे घास हातात तसाच धरून म्हणायचे, "भाजीच चांगली आहे. त्यात तिचं काय?" पाहुणा हसायचा, सूनही हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन एखादं घासलेलं भांडं उगाचच पुन्हा घासायची. नवीन होती तेव्हा तिला वाटलं, म्हाताऱ्याला चेष्टेची सवय असेल. वर्षं सरली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी चेष्टा काही जुनी होईना. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ही चेष्टा नव्हेच. ते त्यांचं मनापासूनचं मत होतं.

सासरे पाणीखात्यात फिटर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या गळक्या नळांशी झगडले आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या मातीत जाऊन बसले. स्वयंपाकघराचं दार आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी, पण तिच्यात त्यांनी टोमॅटो, वांगी, पालक, शेंगा, काय वाटेल ते पिकवलं. खोटं कशाला बोला, त्यांच्या हाताला यश होतं. जीव मात्र दुधीच्या वेलावर. बी घरचं. दर हंगामात सगळ्यात देखणा दुधी तोडायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा. खुळखुळायला लागला की फोडून बिया राखेत घोळवायच्या आणि डब्यात भरून ठेवायच्या. बाजारच्या बियाण्याला कूळ ना मूळ, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

तर या कुलवान वेलाचं कूळ बाटलं. कुंपणापलीकडे सांडपाण्याच्या नाल्याकाठी एक रानटी वेल माजला होता आणि भुंगे काही गोत्र विचारून फुलावर बसत नाहीत. एका हंगामात सोयरीक जमली, पुढच्या हंगामात फळाला आली. बाहेरून काही कळायची सोय नव्हती. तोच पोपटी रंग, तीच बारीक लव, तोच आकार. आतून मात्र कडूजहर.

सुनेला ते कळलं आईच्या शिकवणीमुळे. दुधी असो, काकडी असो, चिरायला घेतलं की आधी देठाकडची पातळ चकती कापायची आणि जिभेला लावायची. कडू लागली तर थुंकायची, चूळ भरायची आणि अख्खं फळ फेकून द्यायचं. कडू दुधी नुसता कडू नसतो, माणसाला आडवा करतो, असं आई सांगायची. हंगामाच्या पहिल्याच दुधीची चकती तिने जिभेला लावली आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसरा चाखला, तोही तसाच.

सांगणार कसं? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊ दे ना. टायरच्या दुकानात दिवसभर लोकांची चाकं बदलणारा माणूस, पण घरातली कुठलीही गोष्ट जागची हलवायला तयार नसायचा. आणि सासऱ्यांना सांगायचं म्हणजे म्हाताऱ्याच्या छातीत सुरी खुपसणं. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. दुपारी सुटताना समोरच्या भाजीवालीकडून एक दुधी घ्यायची आणि पिशवीत पडद्यांच्या कापडाच्या तुकड्यांखाली लपवून घरी आणायची. सकाळी सासऱ्यांनी ओट्यावर ठेवलेला दुधी खतखड्ड्यात पाल्याखाली गाडला जायचा आणि बाजारचा फोडणीला पडायचा.

सासरे जेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "काय चव आहे! माती बोलते बघ."

पहिल्यांदा तिला वाईट वाटलं. मग हळूहळू गंमत वाटायला लागली आणि गमतीचं सुख कधी झालं ते कळलंच नाही. दुधी भाजीवालीचा होता, माती कुठली कोण जाणे. मग बोलत काय होतं? तिचाच हात बोलत होता. आयुष्यभर न मिळालेली शाबासकी म्हातारा आता वरचेवर देत होता, फक्त पत्ता चुकीचा टाकून. सासऱ्यांचं मन राखण्यासाठी ती गप्प राहिली, हे खरंच. पण त्या शाबासकीची चटक लागली म्हणूनही गप्प राहिली, हेही तितकंच खरं.

याच चटकेने घात केला.

नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. नवऱ्याची धाकटी बहीण, बापाची लाडकी. एका दुपारी ती लेकीला घेऊन आली, तेव्हा सून दुकानात होती. सासऱ्यांनी स्वतः पिशवी भरली. टोमॅटो, पालक आणि वर दोन कोवळे दुधी. सुनेने नणंदेसाठी सकाळी मसाला भाजून, कुटून बाटलीत भरून ठेवला होता, ती बाटलीही त्याच पिशवीत गेली. त्या दिवशी दुकानात जादा काम होतं; रात्री घरी आल्यावर सुनेने विचारलं, काय काय दिलंत? सासऱ्यांनी दुधीचं नाव घेतलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने लगेच नणंदेला फोन लावला. कुणी उचलला नाही. उचलणार कोण? तिकडे भाची ओकून ओकून निपचित पडली होती आणि तिला घेऊन सगळे दवाखान्यात धावले होते.

पोर वाचली, हे आधीच सांगितलेलं बरं. एक रात्र सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. भाजी कडू लागते म्हणून तिने ताट बाजूला सारलं होतं, पण आईने स्वतः चाखण्याआधीच बळेच भरवली. आजोबांच्या बागेतली आहे, टाकायची नाही.

चार दिवसांनी नणंद आली ती तणतणतच. दुधीवर शंका घ्यायला जागाच नव्हती. याच वेलाचे दुधी या घरात दर आठवड्याला शिजतात, सगळे मिटक्या मारत खातात, कुणाला ढेकरसुद्धा वाईट आलेला नाही. मग पिशवीत उरलं काय? मसाला. वहिनीने तो करपवला असणार, नाहीतर जुना बुरसटलेला माथी मारला असणार. नणंद बोलत होती आणि सुनेने रचलेली एकेक दुपार तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहत होती.

नवरा म्हणाला, जाऊ दे ना. मग सासरे म्हणाले की मसाला भाजताना लक्ष हवं, दुकानात जाण्याची घाई असली की असं होतं. म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, उद्या एकटं गाठून हळूच सांगू, असं तिने ठरवलं. आपल्यावरचा आळ धुवायचा, पण त्यांची मान खाली जाता कामा नये. इतकी अक्कल इतरांना असती तर हे घर कुठल्या कुठे गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन मागच्या दारात आली. सासरे वेलाखाली उकिडवे बसले होते, पाठ तिच्याकडे. त्यांनी खिशातला चाकू काढला, दुधीची देठाकडची पातळ चकती कापली आणि जिभेला लावली. लगेच थुंकले. तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली. चकती मातीत पुरली आणि वर पायाने माती सारखी केली. सगळं इतकं सराईतपणे, की हे आजचं नाही, हे कुणालाही कळलं असतं.

म्हणजे ठाऊक होतं. दुधी कडू आहेत हे ठाऊक होतं, आणि घरात शिजतो तो आपला नाही हेही ठाऊक होतं. तरी डोळे मिटून मातीचं कौतुक चाललं होतं. मग नातीच्या पिशवीत ते कसे टाकले? कधीतरी एखादा गोड निघेल या आशेवर टाकले असतील, की लेकीसमोर नाही म्हणवलं नसेल? ते ज्याचं त्याला माहीत. तिच्या हातातला चहा तिथेच निवला. इतके दिवस ती ज्याची अब्रू पदराखाली झाकत होती, त्यानेच तिची वेशीवर टांगली होती.

रविवारी सासऱ्यांनी लेकीला, नातीला जेवायला बोलावलं. झालं गेलं विसरा म्हणाले. सकाळी त्यांनी नेहमीसारखा ओट्यावर दुधी आणून ठेवला. वेलावरचा शेवटचा. सुनेने चकती कापली, चाखली, थुंकली आणि पहिल्यांदाच तो दुधी फेकला नाही. सोलला, चिरला, तेलात परतला. फक्त मीठ घातलं. भाचीसाठी वेगळं वरण केलं आणि तिच्या ताटात भाजी वाढली नाही.

"आज मसाला नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नुसतं मीठ आहे. दुधी बागेतला, बाबांनी सकाळी दिलेला."

ती सासऱ्यांकडे बघत होती. त्यांनी एकदा भाजीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग ताट थोडं मागे सरकवलं. "माझं पोट बरं नाही," ते म्हणाले. "मला नुसता भात वाढ."

नवऱ्याने चमचा भरला. ती थांबली. आता बोलतील. एक शब्द, "थांब" एवढा एक शब्द त्यांनी म्हटला असता तर तिला दुसरं काही नको होतं. पोटचा पोरगा होता समोर, सून परकी असली तरी. सासरे भातात बोटाने रेघ ओढत बसले. चमचा ओठांपर्यंत गेला तरी त्यांनी मान वर केली नाही.

तिनेच नवऱ्याचं मनगट धरलं. "अहो, नका खाऊ."

नणंदेने बोटावर जराशी भाजी घेऊन जिभेला लावली आणि थू करून टाकली. मग शांतपणे म्हणाली, "माहीत होतं, तर ताटात वाढलीस कशी, वहिनी?"

खरं उत्तर तिच्या तोंडून कुणाला पटणार नव्हतं. "बाबांना विचारा," ती म्हणाली.

"तिने काय घातलं ते मला काय ठाऊक," सासरे म्हणाले. आवाज इतका बारीक होता की भातालाच सांगत असावेत.

सगळ्यांना चाखवायला कच्ची एक फोड राखून ठेवायला हवी होती, हे तिला नंतर सुचलं. बैल गेला नि झोपा केला. साली, चकती, सगळं खड्ड्यात गेलं होतं आणि संध्याकाळपर्यंत वेलही गेला. सासऱ्यांनी तो मुळापासून उपटला. कीड लागली म्हणाले. खोटं नव्हतं ते. कशाला लागली एवढंच सांगितलं नाही.

त्यानंतर नणंद आली की स्वतःचा डबा घेऊन यायची. नवरा घास तोंडात घालण्याआधी किंचित थांबायचा. अगदी किंचित, पण बायकोच्या नजरेतून ते सुटायचं नाही. ज्या हाताच्या शाबासकीसाठी ती गप्प राहिली होती, त्याच हातावर आता कुणाचा भरवसा उरला नव्हता. दुकानात पडद्याची किनार दुमडता दुमडता तिला हे आठवायचं आणि सुई बोटात जायची.

पुढच्या हंगामात मांडवावर पुन्हा दुधी लागले. बुटके, गोल, फिकट. आंधळ्यालाही कळावं की हे त्या जुन्या डब्यातलं बी नव्हे. सासरे नव्या बियाण्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. तिने पहिला दुधी चिरताना चकती जिभेला लावली. गोड होता. तिने भाजी केली, तिचा तो मसाला घालून. त्या दिवशी नणंद, भाची, सगळे होते. भाचीने दोनदा मागून घेतली. नणंद म्हणाली, बघ, मनावर घेतलंस की जमतं तुला.

सासऱ्यांनी घास संपवला. डोळे मिटले नाहीत. ताटातच बघत, सगळ्यांसमोर, त्या घरात आल्यापासून तिला जे ऐकायचं होतं ते म्हणाले.

"भाजी छान केलीस हो, सूनबाई. हाताला चव आहे तुझ्या."

हाच तो घास, ज्यासाठी ती इतकी वर्षं ताटावर बसून होती. आता वाढला होता तोंड बंद ठेवण्याची बिदागी म्हणून. तिने भाजीचं पातेलं उचललं, त्यांच्या ताटात आणखी एक डाव वाढला आणि त्यांची नजर वर येईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"भाजीच चांगली आहे, बाबा," ती म्हणाली. "त्यात माझं काय?"

सासऱ्यांची मान खाली गेली ती जेवण संपेपर्यंत वर आली नाही. बाकीचे मनापासून हसले. त्यांना वाटलं, घरातली जुनी चेष्टा आहे.