चिठ्ठीवरची दोन अक्षरं

सुंदराबाई घुल्यांना पहिल्यांदा तपासलं तेव्हा डॉ. शर्मिला बेहेरे यांनी त्यांना हाताची मूठ वळायला सांगितली होती. ती वळली नाही. मांजरी गावच्या उसाच्या रानात चाळीस वर्षं खुरपं धरलेली ती बोटं सुजून आखडली होती. भाकरी थापता येत नाही, एवढीच बाईंची तक्रार होती. सोबत मुलगा रोहन होता, वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवणारा.

डॉक्टर कोथरूडमध्ये बावीस वर्षं सांधेदुखीचेच पेशंट बघत होत्या. बोलणं तुटक, पण औषधाला गुण, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी सुंदराबाईंना मेथोट्रेक्सेट सुरू केलं. संधिवातावरचं हे जुनं, चांगलं औषध, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर विष.

बाराव्या दिवशी रोहन आईला रिक्षातून घेऊन आला. बाईंचं तोंड आतून सोलवटून निघालं होतं, पाणी गिळवत नव्हतं, अंगात ताप होता. गावातल्या डॉक्टरांनी उष्णता झाली म्हणून गुलकंद दिला होता. शर्मिलांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं. ती आठवड्याची गोळी किती वेळा घेतली, असं त्यांनी विचारलं. रोहन म्हणाला, रोज.

सुंदराबाईंना लगेच जवळच्या रुग्णालयात हलवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सहाशेवर आल्या होत्या. त्या चार हजारांच्या वर हव्यात. उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली, बाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं. आता वाट बघण्याखेरीज काही हातात नव्हतं.

रुग्णालय डॉ. दत्तप्रसाद यांचं, शर्मिलांचे ते वर्गमित्र. रोहनने आणलेलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. त्यावर केमिस्टने पेनने लिहिलं होतं, 'रोज १'. दत्तप्रसादांना हायसं वाटलं. चूक केमिस्टची आहे, तसं केसपेपरवर आजच लिहून ठेव, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांच्या चुकांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या वकिलांनीही फोनवर बजावलं की नातेवाइकांशी कामापुरतंच बोला आणि दिलगिरीचा शब्द काढू नका. शर्मिलांनी दोघांचं ऐकून घेतलं. केसपेपरवर मात्र त्यांनी त्या दिवशी फक्त तपासण्या आणि औषधं लिहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्मिला बाईंच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा रोहन बाकावरून उठून उभा राहिला. त्याने दाढी केली नव्हती. तो म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं राहिलंय. चूक माझी आहे."

मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं. आईला नीट आठवत होतं. डॉक्टरबाईंनी सोमवारची म्हणून सांगितलीय, असं ती तीनदा म्हणाली होती. त्याने तिला पाकीट दाखवलं. इथे लिहिलंय ते खरं की तुझ्या लक्षात राहतं ते खरं, असं तो तिला वैतागून बोलला होता. आईला वाचता येत नाही. ती गप्प बसली आणि त्याने रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिला गोळी दिली. तोंड आल्यावर ती नको म्हणत होती, तेव्हा तर रागावून दिली.

आपण तोंडी बरोबर सांगितलं होतं हे ऐकून क्षणभर डॉक्टरांना सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लगेच शरमही वाटली. त्यांनी विचारलं, माझी चिठ्ठी आहे का? रोहनने खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. पाकीट बघितल्यावर चिठ्ठी त्याने उघडलीच नव्हती.

आठवड्यातून एकदा, यासाठी त्या वर्षानुवर्षं दोन इंग्रजी अक्षरं लिहीत आल्या होत्या, ओ आणि डब्ल्यू. दिवसातून एकदा असेल तर ओ आणि डी. कागदावरचा डब्ल्यू घाईत वळून मिटला होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. कसाही धरला तरी तो डीच दिसत होता. केमिस्टने फोन करून विचारायला हवं होतं, हे खरं. पण त्याने वाचलं ते चूक नव्हतं.

"रोहन, बसा," त्या म्हणाल्या आणि स्वतः त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांनी ती अक्षरं त्याला दाखवली, काय लिहायचं होतं आणि काय लिहिलं गेलं ते समजावलं. "ही चूक माझ्या हातून झालीय. तुमच्या आईंना बरोबर आठवत होतं, आणि तुम्ही लिहिलेलं मानलंत. लिहिलेलं माझं होतं. मला माफ करा, असं म्हणायचाही मला हक्क आहे की नाही, माहीत नाही."

रोहनने कागद हातात घेऊन ती अक्षरं पाहिली. मग त्याला रडू फुटलं. ते ओसरल्यावर त्याचा चेहरा बदलला. "दोन रात्री मी स्वतःला खुनी समजत होतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही दोन अक्षरं नीट लिहू शकत नाही?" तो कागद घेऊन निघून गेला. डॉक्टरांनी त्याला थांबवलं नाही. केबिनमध्ये जाऊन त्यांनी घडलं ते सगळं केसपेपरवर लिहिलं आणि खाली सही केली. दत्तप्रसाद त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

नवव्या दिवशी पेशी वाढायला लागल्या. अठराव्या दिवशी सुंदराबाई मऊ भात खाऊन घरी गेल्या.

महिन्याभरात रोहनने मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. वकिलांनी लिहून दिलेलं उत्तर डॉक्टरांनी परत पाठवलं आणि स्वतः दीड पान लिहिलं. दवाखान्यातलं संक्षिप्त लिहिणं त्यांनी बंद केलं. आता चिठ्ठी छापून निघते, मराठीत, वाराच्या नावासकट, आणि पेशंट बाहेर पडण्यापूर्वी चैताली, त्यांची सहायक, त्याच्याकडून ती वदवून घेते. रांग लांबते, लोक कुरकुरतात. तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे. ताकीद मिळेल, कदाचित काही महिने परवानाही जाईल. त्यांनी त्याची तयारी ठेवली आहे.

गेल्या महिन्यात सुंदराबाई पुन्हा दवाखान्यात आल्या. डॉक्टरांना वाटलं, जुने रिपोर्ट मागायला आल्या असतील. बाईंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. बोटं पुन्हा सुजली होती.

"दुसरे चांगले डॉक्टर आहेत, आजी. मी चिठ्ठी देते," शर्मिला म्हणाल्या.

"कशाला? तुमी चुकलाव, ते तुमाला ठावं हाय," सुंदराबाई म्हणाल्या. "नव्या डाक्टराला अजून चुकायचं हाय. पोराची केस हाय ती पोराची. त्यो खाली गाडीपाशी उभा हाय, वर यायचा न्हाई. माझं दुखणं माझं हाय."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, बाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक सांधा हळूच दाबून, कुठे दुखतं, ते विचारायला सुरुवात केली.