मनगटावरची उशी

शनिवारी संध्याकाळी मास्तर कोटाला बाही जोडत बसले होते आणि त्यांच्या तोंडात काहीतरी घोळत होतं. लेक दुकानाच्या दारातून बघत होती. जीभ या गालातून त्या गालात, मग ओठ पुढे, मग रवंथ केल्यासारखा जबडा.

"बाबा, काय चघळताय?"

"काही नाही गं."

"गोळी गिळलीत?"

"गिळली."

"आ करा."

"जकात नाका झालीस अगदी," मास्तर म्हणाले. पण त्यांनी आ केला, जीभही उचलून दाखवली. आत काही नव्हतं. तिचं समाधान झालं नाही.

दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ती शाळेत असताना मास्तरांना आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते थांबले, तशी मास्तरांनी गोळ्या गुपचूप थुंकायला सुरुवात केली. आणि लपवायच्या कुठे, तर शिवायला आलेल्या कोटांच्या खांद्यांत, कापसाच्या गादीत. एक गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं, "मास्तर, माझा खांदा वाजतोय." सगळे हसले. थोड्याच दिवसांत मास्तरांनी दुकानातलं होतं नव्हतं ते कापड कातरून टाकलं, त्यांना दाखल करावं लागलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

नंतरची वर्षं सुरळीत गेली. अलीकडे मात्र हे चघळणं सुरू झालं होतं. शिवाय जन्मभर ओठांत टाचण्या धरून काम केलेला हा माणूस आता मनगटावर टाचण्यांची उशी बांधायचा. असल्या उशीला ते स्वतःच 'शिकाऊंची चोखणी' म्हणून हिणवत आले होते.

"ही उशी कशाला मग?"

"जीभ ऐकत नाही माझं. टाचण्या ढकलून देते."

"जीभ काय आपोआप हलते?"

"हो. मी नाही हलवत."

कुठेतरी पाणी मुरत होतं. गोळ्या आणायला दवाखान्यात तीच जायची, पण तोंडाचं तिथे बोलली नव्हती. पुन्हा दाखल करून घेतील, ही धास्ती. आधी चोरी पकडू, मग बोलू.

रविवारी सकाळी मास्तर उठलेच नाहीत. झोपेत हृदय बंद पडलं होतं.

उरलेल्या गोळ्या परत करायला ती दवाखान्यात गेली. "थुंकत असावेत," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "तोंड सारखं हलायचं."

"चघळल्यासारखं? जीभ बाहेर यायची?"

"हो."

"थुंकून नाही होत ते. अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींना होतं. त्यांच्या हातात नसतं." बाईंनी परत आलेल्या गोळ्या खणात ठेवल्या. "कळवलं असतंत तर औषध बदलून पाहिलं असतं."

तिने ऐकून घेतलं. डॉक्टर चार शब्द बरे बोलणारच, असं मनाशी म्हणत ती थेट दुकानात आली आणि कात्रीने ती उशी उसवली. कापायच्या टेबलावर भुसा पडला. तिने तो बोटांनी पसरला, चिमटीचिमटीने चाचपला. नुसता भुसा. एका बाहीचा कोट तसाच टांगलेला होता. त्याचे दोन्ही खांदे तिने उघडले. कापूस निघाला, स्वच्छ, सारखा पिंजलेला.

कात्री खाली ठेवून ती मशीनसमोरच्या रिकाम्या स्टुलाकडे वळली.

"बाबा, राहू द्या," ती मोठ्याने म्हणाली. "आ नका करू. माझा विश्वास आहे तुमच्यावर."