भजनात बुडालेला माझा आवाज

मित्रांनो, माझं मागचं डिफरन्शियल झिजलेलं आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला विकताना ते कुणीच सांगितलं नाही. मी कुंभकोणम्‌ची एक जुनी जीप.

माझा जन्म महाराष्ट्रातल्या कारखान्यात झाला. तिथून मी कावेरीकाठी आले. चिखल असो की वाळू, माझी चारही चाकं ओढत. पापनाशम्‌च्या नटराजकडे मी केळीचे घड वाहिले. "माझी हत्तीण" म्हणून तो माझ्या बॉनेटवर थाप मारी. पण मागच्या डिफरन्शियलच्या डब्यातलं तेल त्याने कधी बदललं नाही. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारे तिथले दाते कोरडेच घासत राहिले. वेग घेतला की मी मागून कण्हू लागले. तेव्हा नटराजने त्या डब्यात जाड तेलाबरोबर लाकडाचा भुसा भरला. कण्हणं दबलं, दुखणं तसंच राहिलं.

मग त्याने गिऱ्हाईक शोधलं, तेही स्वतःच्याच भजनी मंडळातलं. पांडुरंगराव मंडळाचे प्रमुख. त्यांची थोरली बहीण धनलक्ष्मीअक्का तिरुनीलक्कुडीपलीकडे, नदीकाठच्या मळ्यात अंथरुणाला खिळली होती. आपल्या दारात एकदा मंडळाचं भजन ऐकायचं, एवढंच तिचं मागणं. वाट चिखलाची, साधी गाडी जात नसे. म्हणून त्यांना मी हवी होते.

मला पाहायला मंडळी आली ती टाळ-मृदंग घेऊनच. नवी वस्तू घ्यायची तर आधी तिच्यात बसून देवाचं नाव घ्यायचं, आणि एकदा धरलेला अभंग पुरा होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही, ही त्यांची रीत. तिरुभुवनम्‌च्या रस्त्यावर मी वेग घेतला. भुसा असूनही माझं कण्हणं वर आलं. नेमका त्याच वेळी नटराजने अभंग धरला, अगदी वरच्या पट्टीत. टाळ कडाडले. खाली मी ओरडत होते आणि वर विठ्ठलाचं नाव चाललं होतं.

पांडुरंगरावांच्या पत्नी नागलक्ष्मीबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी पायाखालच्या पत्र्यावर तळवा टेकला. अभंग संपल्यावर म्हणाल्या, "अहो, खालून काहीतरी कण्हतंय. एकदा गाणं न म्हणता चालवून बघा की."

नटराज हसला. "वहिनी, ही जीप आहे, वीणा नव्हे. सूर कसला तपासता?"

सगळे हसले. पांडुरंगराव मात्र बायकोवर चिडले. "अगो, ज्याच्या शेजारी बसून टाळ वाजवतो, त्याची वस्तू ठोकून बघू? लाज वाटेल मला."

"सेरी, बरं," एवढंच म्हणून त्यांनी पत्र्यावरचा तळवा उचलला.

सौदा झाला, आणि एकादशीला मंडळ माझ्यात बसून अक्काच्या मळ्याकडे निघालं. घसा बसला म्हणून नटराज आला नाही. नदीकाठच्या चिखलात पांडुरंगरावांनी जोर दिला आणि माझे दाते तुटले. मागची चाकं जागीच अडकली, पुढची नुसती फिरत राहिली. म्हातारी माणसं ढकलून ढकलून दमली. मळा अजून लांब होता, त्या गुडघ्यांना पायी झेपणारा नव्हता. पांडुरंगरावांनी फोन लावला. अक्काचा आवाज मलाही ऐकू आला.

"असू दे रे, पांडू. पुढच्या एकादशीला या. मी कुठं जाते?"

पुढची एकादशी तिने पाहिली नाही. मंडळ तिच्या दारी गेलं ते तेराव्याला, कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून. नटराजचा घसा तोवर सुटला होता. तो फार सुरेख गायला म्हणे. पांडुरंगरावांचे टाळ मांडीवरच राहिले. नागलक्ष्मीबाई परसात शेजारणीला सांगत होत्या, म्हणून मला कळलं.

त्याच परसात, नारळाखाली मी आता गंजते आहे. नटराज अजूनही मंडळात अभंग धरतो. त्याला कुणी काही विचारलेलं नाही.

मित्रांनो, आपल्या यंत्राला वेळेवर तेल द्या. जुनं यंत्र घेताना घटकाभर गाणं थांबवून त्याचं ऐका, आणि शेजारी ज्याला ऐकू येतं त्याला गप्प करू नका. त्या दिवशी देव थांबला असता. अक्का थांबली नाही.