टाचेतला थेंब

योग्याकार्तात मी तीस वर्षं गुदेग विकतेय. कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि भरपूर गुळात तासन्‌तास शिजवायचा, हेच माझं काम. त्यामुळे सुनेला, लारासला, सातव्या महिन्यात साखर निघाली तेव्हा शेजारणी माझ्या पातेल्याकडे बघायला लागल्या.

मी नर्स वारसितीबाईंना विचारलंच, "माझ्या हातचं खाऊन झालं का हो हे?"

"तसं नसतं, काकू. वारेतून जे रस निघतात ते इन्सुलिनचं काम अडवतात. मग स्वादुपिंडाला दुप्पट राबावं लागतं. हिचं कमी पडतंय, म्हणून सुई. गोड मात्र बंद."

लारास मुकाट्यानं सुई घ्यायची. तिचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. माझा मुलगा जहाजावर, म्हणून दिवसातून दहादा मलाच हाक.

"आई, हललं नाही हो मघापासून!"

मी हात ठेवून बसायची. लाथ बसली की दोघी श्वास सोडायचो.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. चार किलोची! मी सगळ्या वॉर्डाला सांगत सुटले. तासाभरात पोरीचे हात थरथरायला लागले. दूधही ओढेना. वारसितीबाईंनी टाचेला टोचून थेंब घेतला.

"एकतीस. निदान पंचेचाळीस तरी हवी. साखर फार उतरलीय."

"उतरली? अहो, चढलेली होती ना?"

"आईची चढलेली होती. ती पोटात हिच्यापर्यंत यायची, म्हणून हिचं स्वादुपिंड जोरात इन्सुलिन करायला शिकलं. नाळ कापली, साखर थांबली. इन्सुलिन थांबलं नाही."

इवल्याशा हातात साखरेचं सलाईन लावलं. लारास पलंगावरून भिंतीकडे बघत राहिली.

"माझ्यामुळेच ना, आई?"

"गप बस. तीन महिने सुया कुणी घेतल्या? मी?"

अर्ध्या तासानं पुन्हा टोचलं. एकेचाळीस. पुन्हा अर्धा तास. वारसितीबाई यंत्राकडे बघत होत्या, मी त्यांच्या तोंडाकडे.

"अठ्ठावन्न."

थरथर थांबली होती. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की शेजारच्या पलंगावरची बाई दचकून उठली.

"भूक लागलीय तिला," वारसितीबाई म्हणाल्या. "द्या आईकडे."

पोर छातीला लागली तशी लारास पहिल्यांदा रडली. मी तिला रडू दिलं.