आवरलेली खोली

दहावीच्या वर्षी मी आमच्या शाळेच्या सेवा मंडळाची अध्यक्ष होते, आणि ते अध्यक्षपद माझ्या डोक्यात गेलं होतं. मंडळात आम्ही बावीस जण. शनिवारी अर्धी शाळा सुटली की प्रयोगशाळेमागच्या खोलीत जमायचो. झाडं लावली होती, त्यातली निम्मी पाण्यावाचून गेली. जुने कपडे गोळा केले होते, त्यात कुणीतरी एकाच पायाचा मोजा दिला होता, त्यावर आम्ही महिनाभर हसलो. दरवर्षी सगळ्या शाळांच्या मंडळांमधून एका कामाला ढाल मिळायची. आमचा दोनदा तिसरा नंबर आला होता. मंडळ बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "या वर्षी असं काहीतरी करा, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल."

त्याच आठवड्यात एक ताई शाळेत आल्या. त्यांचे वडील शाळेच्या मागच्याच गल्लीत तळमजल्यावर एकटे राहायचे. सगळे त्यांना मशीनवाले काका म्हणायचे, कारण जन्मभर त्यांनी शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. काचबिंदूनं त्यांची नजर जवळपास गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. ताई दुसऱ्या गावात राहायच्या, महिन्यातून एकदा यायच्या.

"घर बघवत नाही हो," ताई बाईंना सांगत होत्या. "भिंती काळ्या पडल्यात. जिकडे बघावं तिकडे डबे नि खोकी. मी हात लावायला गेले की ओरडतात. एक दिवस मी त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात तपासणीला नेते. तेवढ्यात तुमच्या मुलांनी आवरून टाकलं तर? परत आल्यावर बरं वाटेल त्यांना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात ढाल कुठे ठेवायची ते ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

रविवारी सकाळी नऊला ताई काकांना रिक्षात बसवून घेऊन गेल्या आणि आम्ही बारा जण आत शिरलो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. खोलीच्या मधोमध कामाचं टेबल, त्याच्या तीन बाजूंनी डबे. बिस्किटांचे, औषधांचे, बूटपॉलिशचे, काही तर झाकणंच नसलेले. भिंतीवरच्या खिळ्यांना मशीनचे पट्टे लटकत होते. दारापाशी एक स्टूल आडवं, त्याला अडखळून आमच्यातल्या एकानं पहिल्याच मिनिटाला लोटांगण घातलं. मी आधी फोटो काढले. बाईंनी बजावलं होतं, आधीचे आणि नंतरचे दोन्ही हवेत.

आमच्यात एक मुलगी होती. आवाज बारीक म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "अगं, हे कसेही ठेवलेले नाहीत. बघ, मोठ्याकडून लहानाकडे लावलेत. काकांना विचारायला नको का?"

"विचारलं तर ते नाहीच म्हणतील," मी म्हणाले. "ताईंनी सांगितलंय ना? तू स्वयंपाकघर घे."

ती गेली. तिचं माझ्यापुढे काही चालायचं नाही, आणि हे मला आवडायचं.

त्या दिवशी आम्ही खरंच राबलो. भिंती खरवडल्या, फिकट पिवळा रंग दिला. टेबल खिडकीखाली नेलं, तिथे उजेड छान येतो म्हणून. गंजलेलं सगळं दोन पोत्यांत भरून भंगाराच्या गाडीवर दिलं. उरलेले सुटे भाग वेगवेगळ्या डब्यांतून काढून पारदर्शक बरण्यांमध्ये ओतले, आणि प्रत्येक बरणीवर मी स्वतः सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली. छोटे स्क्रू. मोठे स्क्रू. स्प्रिंगा. इतर. बरण्या फळीवर ओळीनं मांडल्या. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मी पारदर्शक बरण्या आणि चिठ्ठ्या केल्या, आणि बारा जणांपैकी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. कुणाला सुचलंच नसेल. मला तरी नव्हतं सुचलं.

चार वाजता रिक्षा आली. काका बारीक अंगाचे, इस्त्रीचा सदरा घातलेले. ताईंचा हात सोडून ते एकटेच दोन पायऱ्या चढले, अगदी डोळस माणसासारखे. दारात आले. डावा हात खाली गेला, स्टुलासाठी. स्टूल आम्ही स्वयंपाकघरात ठेवलं होतं. हात हवेतच राहिला.

"रंगाचा वास येतोय," ते म्हणाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनी डोळे पुसले. "बाबा, सगळं नवं केलंय मुलांनी! शाळेतली मुलं आहेत, बारा जण!"

काका जागचे हलले नाहीत. मग हसले. "हो का? छान, छान. बसा रे बाळांनो." आणि आपण कुठे बसायचं ते त्यांना कळेना. ताईंनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. त्यांचा उजवा हात भिंतीवर वर-खाली फिरत होता, जिथे आधी पट्टे लटकत होते. बोटांना ओला रंग लागला. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणाले, "काका, इकडे बघा हं, फोटो काढायचाय."

ढाल आम्हालाच मिळाली. आधीचा आणि नंतरचा फोटो मोठा करून शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावला. मुख्याध्यापकांनी माझं नाव घेतलं, आईनं नातेवाइकांना फोन केले.

पंधरा-वीस दिवसांनी चिमणी मला मधल्या सुट्टीत म्हणाली, "मी काकांकडे जाऊन आले. ते काम करत नाहीत आता."

"वय झालंय ना त्यांचं."

"तसं नाही गं. त्यांना काही सापडत नाही."

"मग तू लावून दे ना," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. सराव परीक्षा जवळ आली होती, ही सबब हाताशी होतीच. त्या सबबीवर मी दीड महिना काढला.

शेवटी गेले ते आईमुळे. तिचं मशीन टाके सोडायला लागलं होतं. "मशीनवाल्या काकांकडे ने," आई म्हणाली, "पाच मिनिटांत करतात. मागच्या वर्षी माझ्याशी गप्पा मारता मारता उघडलं, मिटलं, दिलं. दिसत नाही त्यांना, यावर विश्वास बसत नाही."

मी थबकले. "म्हणजे ते अजून मशीनं दुरुस्त करायचे?"

"करायचे म्हणजे? करतात की! अगं, तुम्हीच ना त्यांचं घर आवरलंत? तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. चिमणी 'काम' म्हणाली होती, ते मी नीट ऐकूनही घेतलं नव्हतं. कामाचं टेबल, कामाचे डबे, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते काम चालू असेल हे मनात आलं नव्हतं. आंधळा म्हातारा माणूस आणि अडगळ, एवढंच मी पाहिलं होतं.

मशीनचा वरचा भाग पिशवीत घालून मी गेले. काका खुर्चीवरच बसले होते, दाराकडे तोंड करून. रेडिओ लागलेला होता.

"कोण?"

"मी. मंडळातली. ते... तुमचं घर आवरलं होतं ना."

"हां, हां. ये बाळ." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यांनी मशीन मांडीवर घेतलं. बोटं त्यावरून अशी फिरली, की हा माणूस आंधळा आहे हे मी क्षणभर विसरले. चाक अर्धं फिरवलं, कान जवळ नेला. "शटलची स्प्रिंग गेलीय. आहे माझ्याकडे. पाच-सहा असतील." ते उठले आणि हात पुढे करून फळीपर्यंत गेले. एक बरणी उचलून हलवली. दुसरी हलवली. "बाळ, यावर काय लिहिलंय गं?"

"छोटे स्क्रू," मी वाचलं.

"छोटे म्हणजे कुठले? वीसएक जातीचे असतील त्यात." ते खरंच हसले. "आणि यावर?"

"इतर."

आता ते हसले नाहीत. बरणी टेबलावर उपडी केली आणि एकेक तुकडा बोटांत धरून बाजूला ठेवू लागले. मी शेजारी बसले. तासभर. ती स्प्रिंग मिळाली नाही. बहुतेक पोत्यातून गेली असणार. जुनी, थोडी गंजलेली होती का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वरून गंजतात. तेलात टाकली की होते चांगली."

मी बरणी सरळ करून ठेवली. "काका, आमचं चुकलं. तुम्हाला न विचारता..."

"अगं, तुम्ही पोरांनी मनापासून केलंत," त्यांनी मला अडवलं. "तीच तर पंचाईत आहे. कुणी मुद्दाम केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो."

त्यानंतर मी आणि चिमणी सलग सहा रविवार गेलो. आधीचे फोटो माझ्याकडे होते. ते समोर धरून टेबल पुन्हा मधोमध आणलं, स्टूल दारापाशी ठेवलं, खिळे ठोकले. घरोघर फिरून पत्र्याचे डबे मागून आणले. पण फोटोत डबा बाहेरून दिसतो, आत काय होतं ते दिसत नाही. ते काकांनाही शब्दांत सांगता येईना. "हात जायचा गं माझा," ते म्हणायचे, "मला कुठे माहीत होतं कुठे जातोय?" फोटोवरून आम्ही खोली पुन्हा तशीच केली. तरी ते हात पुढे करूनच चालत. मी म्हणाले, "काका, आता सगळं पहिल्यासारखं आहे." ते म्हणाले, "असेल गं. पण आता मला खात्री नाही वाटत."

आईच्या मशीनला आम्ही दुकानातून नवी स्प्रिंग आणली. ती त्यांनी बसवली. तीन वेळा हातातून पडली आणि तिन्ही वेळा चिमणीनं जमिनीवरून शोधून दिली. ते त्यांचं शेवटचं काम.

परीक्षा झाल्यावर सुट्टीत कळलं, की ताई त्यांना आपल्याकडे नेताहेत. स्वयंपाकघरात ते एकदा पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण धसका बसला होता. आम्ही सामान बांधायला गेलो. ताई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "किती केलंत तुम्ही मुलांनी!" मी मान खाली घातली, आणि तो विनय आहे असं त्यांना वाटू दिलं. काका ताईंचा दंड घट्ट धरून त्या दोन पायऱ्या उतरले. एकेका पायरीवर थांबून.

मंडळाच्या वर्षारंभाच्या सभेत मला जुनी अध्यक्ष म्हणून बोलायला बोलावलं होतं. मी सगळं लिहून नेलं होतं, बरण्या, चिठ्ठ्या, सगळं. समोर नवी मुलं बसली होती, बाई कौतुकानं बघत होत्या. मी कागद खिशातच ठेवला आणि सेवेत किती आनंद असतो यावर पाच मिनिटं बोलले. चिमणी शेवटच्या रांगेत होती. ती उठून बाहेर गेली. अकरावीत आमच्या शाखा वेगळ्या झाल्या. समोर आली की हसायची, पण थांबायची नाही.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात दवाखान्यात आईचा रिपोर्ट घ्यायला बसले होते, तर शेजारच्या बाकावरच्या बाई मला निरखून बघत होत्या. "तू सेवा मंडळातली ना?" त्या ताई होत्या. केस पांढरे झाले होते, म्हणून मला ओळखायला वेळ लागला. काका जाऊन बारा वर्षं झाली, त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे सहा वर्षं होते. खाऊनपिऊन सुखी. शिलाई मशीन होतं घरात, पण त्याला कधी हात लावला नाही.

या वेळी मी सांगितलं. शटलच्या स्प्रिंगपासून भंगाराच्या पोत्यांपर्यंत सगळं. चिमणी नको म्हणत होती तेसुद्धा. ताई मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दारात त्यांचा हात खाली गेला ना, तेव्हाच. पण बोलावलं मीच होतं तुम्हाला. काय बोलणार? मला आपलं घर चारचौघांसारखं दिसायला हवं होतं. ते एकटे राहतात आणि मी लांब, लोक काय म्हणतील, हेच सारखं डोक्यात." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाबांनाही एकदा विचारलं होतं मी, त्या आवरण्यामुळेच काम सुटलं का म्हणून. म्हणाले, अगं, त्या पोरी सहा रविवार आल्या, शाळेचा अभ्यास सोडून. त्यांना वाईट वाटू देऊ नकोस."

मला रडू आलं. त्यांनाही आलं असावं, त्या दुसरीकडे बघत होत्या. तेवढ्यात खिडकीतून त्यांचा नंबर पुकारला. त्या उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणणार होत्या. पण नंबर पुन्हा पुकारला गेला, आणि त्या आत गेल्या.